गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं

गणपतीच्या पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला अक्षया पडवीत अक्कांशी हसत बोलत होती आणि सव्वानऊला आतल्या खोलीत दार ओढून आडवी झाली होती. मधल्या वेळात तिनं तीन नारळ खवले होते. चौथा विळीशेजारी तसाच पडला होता.

तो नारळ तिच्या थोरल्या जावेनं, यशोदेनं, उचलला. खाली वाकताना गुडघ्यात कळ आली, वर येताना पुन्हा आली.

"बघलंस मा?" ती नणंदेला म्हणाली. "आताच हसत होती. काम दिसला आणि निजली."

अक्का चतुर्थीसाठी इन्सुलीहून माहेरी आल्या होत्या. त्या वालीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. "पित्त झाला असात गो."

"पित्त नाय. दोन वर्सां बघतंय मी. दोन वर्सांमागे ताप इलो, कबूल. त्या वर्साक पाचव्या दिवसाचो नैवेद्य तिचो होतो, तो मी केलंय. गेल्या वर्साक माझोच होतो, तोय केलंय. औंदा परत तिची पाळी. आणि आता तर देवान तिका बरी केल्यान. भाईंनी गाऱ्हाण्यात सांगलेला आसा. मगे?"

त्या 'मगे'ला या घरात उत्तर नव्हतं. दर वर्षी पाचव्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर भाई, म्हणजे यशोदेचे यजमान आणि घरातले थोरले, गणपतीसमोर पाणी आणि नारळ घेऊन उभे राहत आणि घराच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलत. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, सगळं. प्रत्येक वाक्याला घरादारानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा गाऱ्हाण्यात गेलेली गोष्ट तिथंच मिटायची. गेल्या वर्षी भाई म्हणाले होते, धाकट्या सुनेचं दुखणं तुझ्या पायाशी ठेवलं होतं, ते तू बरं केलंस. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले होते. नवसाचं एकवीस नारळांचं तोरणही चढलं होतं.

"माझ्या श्रियाच्या लग्नात सहा फुगड्यो घातल्यान तिणा," अक्का म्हणाल्या. "मे म्हयन्यात. मी स्वता बघलंय."

"झाला तर. सहा फुगड्यो घालणाराक एकवीस मोदक जड जातत?"

दाराशी अळूची पानं पुसत बसलेली अवनी, अक्षयाची पंधरा वर्षांची मुलगी, मान वर न करता म्हणाली, "आत्ये, लग्नासून इल्यार आई नऊ दिवस अंथरुणार होती."

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माका कोणी सांगूक नाय ता."

"सांगूचा नव्हता. बाबांनी घरात ऊन लागला म्हणान सांगल्यानी. म्हणाले, भाईकाकांनी देवाक सांगलेला आसा. परत आजारी म्हणान सांगला तर भाईकाका खोटे पडतले."

यशोदेनं चौथा नारळ फोडला. पाणी वाटीत धरायचं राहून गेलं.

*

अक्षया पाठीवर पडून होती. पायांखाली दोन उशा. मानेवर दोन बोटं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्यावर. ब्याऐंशी ठोके. नारळ खवताना एकशे चौतीस होते.

कसालच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. स्वतःच्या शरीराकडे ती प्रयोगाकडे बघावं तसं बघायला शिकली होती, कारण दुसरं कुठलं बघणं घाबरवणारं होतं. प्रयोगाची अडचण अशी की निष्कर्ष स्थिर येत नव्हता. एखादा आठवडा ती पूर्वीचीच असायची, एस.टी. पकडायची, चार तास घ्यायची. मग एखाद्या सकाळी आंघोळीतच दिवसाची ताकद संपायची. आणि जास्त केल्याची शिक्षा त्याच दिवशी मिळत नसे. ती दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी यायची. त्यामुळे फुगडी बघणाऱ्याला अंथरूण दिसत नसे.

गोव्याच्या डॉक्टरांनी तिला आधी झोपवून, मग दहा मिनिटं नुसती उभी करून नाडी मोजली होती. हृदयाची बांधणी ठीक आहे, ते म्हणाले होते. तापानंतर त्याला मिळणारे हुकूम चुकतायत. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि हृदय ते वर आणायला धावतं. भरपूर पाणी प्या, मीठ वाढवा, दमण्याआधी बसा. कधी जाईल, असं तिनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, मला माहीत नाही. बरेच जण हळूहळू सुधारतात, पण सरळ रेषेत नाही. माहीत नाही असं त्यांनी म्हटलं, हे तिला आवडलं होतं.

दार किलकिलं करून तिचा नवरा चंदन आत आला. "वैनी चिडलीहत. उठूक जमतला?"

"अर्ध्या तासान. उकड काढूची आसा. मोदक मी बसान करतलंय."

"आजचो दिवस काढ. सांजेक गणपती जातलो. मगे चार दिवस निज, कोण काय बोलणा नाय."

"कोणाक कळलाच नाय तर बोलतलो कोण?"

तो पलंगाच्या कडेला बसला. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. भाईंनीच त्याला शाळेत घातलं, भाईंनीच पोहायला शिकवलं, भाईंनीच त्याच्यासाठी अक्षयाचं स्थळ पाहिलं. त्यांच्यासमोर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, आणि न चढवताही वेगळं काही बोलायचं असतं हे त्याला सुचत नसे.

"वरसभर मी बरी असल्याचा सोंग करतंय," अक्षया म्हणाली. "दुखण्यापरास सोंगाक ताकद जास्त लागता. माका नैवेद्य चुकवूचो नाय. पण आज परत थंय उभी रवान 'व्हय म्हाराजा' म्हणूचा नाय. तुमी भाईंका सांगा. गेल्या वर्साचा शबूद मागे घेऊक सांगा."

"देवाक दिलेलो शबूद? कोण घेता मागे? आणि भाईच्या छातीक काय झाला तर?"

"भाईंच्या छातीची सगळ्यांका काळजी," ती शांतपणे म्हणाली. "थंय ऑपरेशनाची चीर दिसता. माझे रिपोर्ट चांगले आसत, ह्याच माझा चुकला."

 चंदननं तिच्या पायांखालची उशी नीट केली आणि उठला.

*

मोदकांचा घमघमाट यायला लागला, म्हणून यशोदा स्वयंपाकघरात आली. एकवीस मोदक पाटावर केळीच्या पानात ओळीनं मांडलेले होते, कळ्या मोजाव्यात इतक्या सारख्या. आणि अक्षया जमिनीवर पडली होती, पाय तांदळाच्या डब्यावर चढवून.

"शाबास. नैवेद्य करूचो आणि जमनीर लोळूचा?"

"मोदक पाटार आसत, वैनी. जमनीर मी आसंय."

यशोदेला हसू येणार होतं, ते तिनं आवरलं. अक्षयाचे ओठ तिला बरे दिसेनात.

"वैनी, तुमचो हात द्या वायच."

"कित्या?"

"द्या तर खरो."

यशोदा भिंतीला धरून टेकत टेकत खाली बसली. अक्षयानं तिची बोटं आपल्या मानेवर, जबड्याच्या जरा खाली, ठेवली. "मोजूक नको. नुसती धरून रवा."

बोटांखाली ठोका लागत होता. एकसारखा, घाई नसलेला. यशोदा वाडीतल्या पोरींचे परकर शिवत असे. सरळ शिवण घालताना मशीन असंच चालतं.

"आता मी उठतंय. तुमी पण उठा माझ्यावांगडा. हात सोडू नकात."

दोघी ओट्याला धरून उठल्या, एक गुडघ्यांमुळे हळू, दुसरी मुद्दाम हळू. अक्षया नुसती उभी राहिली. काही उचललं नाही, बोललीही नाही. आधी यशोदेला फरक कळला नाही. मग कुणीतरी पायडलवर जोरात पाय मारायला लागावं तसा ठोका पळू लागला, टाके एकमेकांवर चढायला लागले. अक्षयाच्या वरच्या ओठावर घाम आला. यशोदेनं खाली पाहिलं. अक्षयाच्या पावलांचा रंग बदलत होता, कोकमाच्या पाण्यात बुडवल्यासारखा.

"बस," यशोदा म्हणाली. "बस गो, बस."

अक्षया खाली बसली. यशोदेनं हात काढला नाही. ठोका परत शिवणीवर यायला बराच वेळ लागला.

"रोज होता हा?"

"रोज नाय. काल एवढा नव्हता. उद्या कसा असात ठावक नाय. म्हणान तर कोणाक सांगूक येणा नाय."

"गेल्या वर्साक आरतेक तासभर उभी होतंस. हिरव्या साडयेत. माझ्या म्होरच होतंस."

"त्या दिवशी खरीच बरी होतंय. मगे सतरा दिवस शाळेत जाऊक जमला नाय. ह्यांनी सगळ्यांका टायफॉइड म्हणान सांगल्यानी."

"मगे भाई गाऱ्हाणा घालीत होते तेव्हाच बोललंस कित्या नाय?"

"सगळी 'व्हय म्हाराजा' म्हणालात. ते एवढे खुश होते, वैनी. मी पण म्हणालंय."

 अक्षयानं कोपऱ्यातल्या बाटलीतून चार घोट घेतले आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"काय ता?"

"मीठ-पाणी. डॉक्टरान मीठ वाढवूक सांगलेला आसा."

"मीठ? काळजाच्या दुखण्याक? अगो, ताप इलो त्या दिवसापासून मी तुझी आमटी भाईंच्या टोपातली काढतंय. अळणी. आठवणीन काढतंय."

"म्हायत आसा माका. पयल्याच वर्साक सांगललंय मी तुमका. तुमी म्हणालात, डॉक्टराचा कायतरी चुकला असात."

यशोदेला ते आठवलं. तिचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं ती या बाईवर चिडत होती आणि त्याच दोन वर्षांत तिच्या काळजीपोटी रोज वेगळी वाटी काढत होती. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही चुकीचं निघालं होतं.

"आणि तू खोलयेत बसान चोरून मीठ खातंस," ती शेवटी म्हणाली.

"बरणी आसा. पलंगाखाली."

आता मात्र यशोदा हसली. हसताना गुडघा हलला आणि तिनं तो दाबून धरला. "माझ्या गुडघ्यांचा बघ. सात वर्सां झाली. एकदा कोणी गाऱ्हाण्यात घालूक नाय."

"तुमी कधी सांगलात?"

"सांगूक कित्या होया? जिन्यार आवाज येता मा."

*

भाई पडवीत खुर्चीवर बसून नारळ सोलत होते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आठव्या दिवशी घरी आले. मग रोज दहा पावलं जास्त, अशी त्यांनी चाल वाढवली. तीन महिन्यांनी वेंगुर्ल्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन आले, जिथं त्यांनी एकतीस वर्षं बंदर खात्यात नोकरी केली होती. बरं होणं म्हणजे ते. एकेक पायरी चढायची आणि वर पोचायचं.

यशोदा बाहेर आली. तिच्या मागं अक्का, आणि जिन्याशी चंदन. तिघांना एकत्र पाहून भाईंनी कोयता खाली ठेवला.

"आज गाऱ्हाणा घालतलास मा?" यशोदा म्हणाली.

"घालतलंय. दर वर्सा घालतंय."

"मगे गेल्या वर्साचा आधी सरळ करा. अक्षया बरी नाय."

"काल तर चांगली..."

"काल चांगली होती. आज नाय. मी हात लावन बघलंय."

"भाई," अक्का म्हणाल्या, "तिणा सहा फुगड्यो घातल्यान ता मी अर्ध्या इन्सुलीक सांगलंय. नऊ दिवस निजली ता माका आज कळला."

भाईंनी चंदनकडे पाहिलं. लहानपणी काही मोडलं की तो असाच जिन्याशी उभा राहायचा.

"टायफॉइड झालो नव्हतो तिका," चंदन म्हणाला. "मी तुका खोटा सांगलंय, भाई."

 शेजारचा गंगाराम झांजा घेऊन फाटकातून आत आला आणि सगळ्यांची तोंडं बघून गुपचूप गणपतीच्या खोलीकडं गेला.

"देवाक दिलेलो शबूद मागे कसो घेऊचो?" भाई म्हणाले. "देव खोटो पडतलो."

"देव कशाक पडतलो? तुमी पडतलास."

"यशोदा."

"बंदरार एकतीस वर्सां मापाच्या काठीर पाणी बघून लिवलास. भरती बघलास आणि दर्यो कायमचो भरलो म्हणान लिवलास, असा झाला कधी?"

 भाईंनी पुन्हा कोयता उचलला आणि सोलून झालेलाच नारळ सोलायला घेतला. त्यांना हिरवी साडी आठवत होती. गेल्या वर्षी आरती म्हणणाऱ्या अक्षयाकडं पाहून त्यांना वाटलं होतं, सुटलो एकदाचे. ते त्यांनी देवाला विचारलं नव्हतं आणि तिलाही विचारलं नव्हतं.

*

आरती संपली. अक्षया भिंतीला टेकून उभी होती. भाईंची प्लास्टिकची खुर्ची, शस्त्रक्रियेनंतर दर वर्षी ठेवली जाणारी, गणपतीवर टांगलेल्या लाकडी माटवीच्या एका बाजूला होती. भाई पाण्याचा तांब्या घेऊन उठले. वाडीतली दहा-बारा माणसं हात जोडून उभी राहिली.

एवढ्यात यशोदा पडवीतली दुसरी खुर्ची घेऊन आली. माणसांतून वाट काढत तिनं ती भिंतीशी ठेवली. "बस."

"गाऱ्हाण्याक?" अक्षया पुटपुटली.

"बस म्हटलंय मा."

अक्षया बसली. सगळे उभे आणि आपण बसलेले, हे उभं राहण्यापेक्षा कठीण होतं. तिनं मोदकांकडं नजर लावली.

"बा गणपती म्हाराजा," भाईंनी सुरुवात केली, "पाच दिवस तू ह्या घरात रवलंस. जी काय मोडकीतोडकी सेवा झाली ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांका, गुरावासरांका सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

भाई थांबले.  चंदन अर्धं पाऊल पुढं झाला, पण भाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"गेल्या वर्साक ह्याच जागेर माझ्या तोंडातसून एक शबूद गेलो. घरातली धाकटी सून बरी झाली म्हणान मी तुका सांगलंय. तू सांगूक नव्हतंस. माझी घाई झाली. ती अजून बरी झालेली नाय."

 अशा वाक्याला काय म्हणायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. गंगारामच्या हातातली झांज नुसती किणकिणली. अक्षयाला आपला ठोका कानात ऐकू येत होता, आणि या वेळी तो तिनं मोजला नाही.

"व्हय म्हाराजा," यशोदा म्हणाली. एकटीच.

मग अक्का. मग चंदन आणि अवनी, आणि मग बाकीचे.

"तिचा दुखणा कधी वर येता, कधी खाली जाता. खाली गेला म्हणान गेला असा आमी म्हणूचे नाय. वर इला म्हणान नाटक असाय म्हणूचे नाय."

या वेळी यशोदेचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या मागून आला.

"तिका बसूचा वाटात तेव्हा बसूक दी. आणि तुझ्या मनात येत तेव्हा तिका बरी कर. आमी वाट बघतलंव."

"व्हय म्हाराजा."

भाई पाणी सोडायला वाकले.

"भाईंनु," खुर्चीतून अक्षया म्हणाली. गाऱ्हाण्यात मधेच कुणी बोलत नसे; अवनीनं दचकून आईकडं पाहिलं. "वैनींचे गुडघे रवले."

मागं कुणीतरी हसलं. भाईंनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती, आणि तिचं सगळं वजन डाव्या पायावर होतं. हे त्यांनी याआधी किती वेळा पाहिलं असेल.

ते पुन्हा सरळ झाले. "आणि म्हाराजा, थोरल्या सुनेचे गुडघे. सात वर्सां दुखतत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. यशोदा सोडून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माटवीखालची जागा रिकामी होती. वर बांधलेली कवंडळाची फळं आणि सुपाऱ्या तेवढ्या लोंबत होत्या. अक्षया उठली नव्हती. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. कुणी दाराशी जाऊन विचारलं नाही. अक्कांनी निघताना तिच्या उशाशी पाण्याची भरलेली कळशी ठेवली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

यशोदेनं पेजेच्या दोन वाट्या भरल्या. एक अळणी. दुसरीत मीठ आणि वर खारातल्या कैरीची फोड. "ही आवशीक, ही भाईकाकांका," तिनं अवनीला बजावलं. अवनीच्या एका हातात मोबाइल होता.

भाईंनी पडवीत पहिला घास घेतला आणि ते थांबले. कैरी पेजेच्या तळाशी गेली होती, ती त्यांना दिसली नव्हती. सहा वर्षांत अशी चव त्यांच्या जिभेवर आली नव्हती. त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं, स्वयंपाकघराकडं पाहिलं, आणि दुसरा घास घेतला. तिसरा आणि चौथाही.

मग हाक मारली. "अगो, अक्षयाची वाटी हयसर इली."

यशोदा एक हात भिंतीवर ठेवत बाहेर आली. तिनं वाटीत डोकावून पाहिलं.

"किती खाल्लास?"

भाईंनी क्षणभर विचार केला.

"चार घास," ते म्हणाले.

तिनं वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. आत गेली, नव्यानं पेज वाढली, मीठ घातलं, चव बघितली, आणि अजून जरा घातलं.